३११ आणि पुन्हा ३११ : युक्रेनची मदत सहा महिने कुठे अडली

२८ सप्टेंबर २०२३ रोजी अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात युक्रेनला ३० कोटी डॉलरची लष्करी मदत देण्याच्या एका छोट्या विधेयकावर मतदान झाले. बाजूने ३११, विरोधात ११७.

२० एप्रिल २०२४ रोजी त्याच सभागृहात युक्रेनसाठीच्या ६०.८ अब्ज डॉलरच्या विधेयकावर मतदान झाले. बाजूने ३११, विरोधात ११२.

हे दोन निकाल शेजारी शेजारी ठेवून पाहा. रक्कम दोनशे पटींनी वाढली, आपल्या हिशेबात ती साधारण ५ लाख कोटी रुपयांवर गेली, आणि बाजूची मते मात्र तेवढीच राहिली. दोन्ही वेळा डेमोक्रॅटिक पक्षाची २१० आणि रिपब्लिकन पक्षाची १०१. मधल्या सात महिन्यांत एक सभापती पदावरून गेला, सिनेट या वरच्या सभागृहात तीन मोठी मतदाने झाली, झेलेन्स्की एकदा वॉशिंग्टनला येऊन रिकाम्या हाताने परतले, आवदिव्का हे शहर रशियाने घेतले आणि कीवजवळचे एक मोठे वीजकेंद्र जळाले. एवढे सगळे घडूनही सभागृहाचा कौल जिथे होता तिथेच होता.

म्हणून या प्रकरणाकडे 'अमेरिकेचे मन बदलले का' या प्रश्नातून पाहिले तर हाती फारसे लागत नाही. मत तयार होते. ते मोजायलाच कुणी बसत नव्हते. दाराला आतून कडी होती आणि ती कुणाच्या हातात होती, हे पाहायला हवे.

आधी एकमत होते

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर पूर्ण ताकदीने हल्ला केला, तेव्हा वॉशिंग्टनमध्ये या विषयावर फारसे दुमत नव्हते. मे २०२२ मध्ये सुमारे ४० अब्ज डॉलरचे विधेयक प्रतिनिधिगृहात ३६८ विरुद्ध ५७ आणि सिनेटमध्ये ८६ विरुद्ध ११ असे मंजूर झाले. वर्षभरात चार हप्त्यांत मिळून सुमारे ११३ अब्ज डॉलर मंजूर झाले. डिसेंबरमध्ये झेलेन्स्की संसदेत आले, बाखमूतच्या आघाडीवरच्या सैनिकांनी सह्या केलेला ध्वज त्यांनी व्यासपीठावर दिला आणि सभागृह उभे राहिले.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. युक्रेन अमेरिकेचा करारबद्ध मित्रदेश नाही. तो नाटोत नाही आणि त्याच्यासाठी लढायला अमेरिका बांधील नाही. १९९४ च्या बुडापेस्ट करारनाम्यात सोव्हिएत काळातील अण्वस्त्रे सोडून देण्याच्या बदल्यात युक्रेनला अमेरिका, ब्रिटन आणि खुद्द रशियाने हमी दिली होती, पण त्या हमीत सैन्य धाडण्याचे वचन नव्हते. मदत होत होती ती दर वेळी संसदेने नव्याने ठरवले म्हणून. ज्या मैत्रीला कराराचे बंधन नसते, ती घरच्या राजकारणावर जगते. त्यामुळे घर फाटले की तिचा श्वास कोंडतो.

घर फाटत होते. प्यू या संस्थेच्या पाहणीत, अमेरिका युक्रेनला जास्तच मदत करते आहे असे म्हणणारे रिपब्लिकन मतदार मार्च २०२२ मध्ये ९ टक्के होते. डिसेंबर २०२३ मध्ये ते ४८ टक्के झाले. २०२३ च्या उन्हाळ्यातले युक्रेनचे प्रतिआक्रमण अडखळले, लढाई खंदकांत रुतली आणि 'हे संपणार कधी' हा प्रश्न गावागावांत विचारला जाऊ लागला. तो प्रश्न चुकीचा नव्हता.

कडी कुणाच्या हातात

आपल्याकडे नागपूरच्या अधिवेशनात पुरवणी मागण्या मांडल्या जातात. अमेरिकेत युक्रेनचा पैसा तसाच आला, नेहमीच्या अंदाजपत्रकाबाहेरची पुरवणी मागणी म्हणून. पण अमेरिकी प्रतिनिधिगृहाचा सभापती हा आपल्या लोकसभा अध्यक्षांसारखा पक्षातीत मानला जात नाही. तो बहुमतवाल्या पक्षाचा उघड नेता असतो आणि कोणते विधेयक पटलावर येणार हे मुख्यतः तोच ठरवतो. त्यात तेव्हा प्रतिनिधिगृहात बहुमतात असलेल्या रिपब्लिकन पक्षाने एक अलिखित रीत पाळली आहे : आपल्याच पक्षातल्या बहुसंख्य सदस्यांचा पाठिंबा नसेल, तर ते विधेयक मतदानाला आणायचे नाही. सप्टेंबरच्या मतदानात रिपब्लिकन १०१ बाजूने आणि ११७ विरोधात होते. म्हणजे सभागृहाचे दोन तृतीयांशाहून अधिक सदस्य मदतीच्या बाजूने असूनही, सभापतीच्या पक्षातले बहुसंख्य विरोधात गेल्यामुळे दार बंद करता येत होते.

दुसरी कडी याहून घट्ट होती. जानेवारी २०२३ मध्ये केविन मॅकार्थी सभापती झाले ते मतदानाच्या १५ फेऱ्यांनंतर. त्यासाठी त्यांनी पक्षातल्या कडव्या गटाला जी वचने दिली, त्यांतले एक असे होते की कोणताही एकटा सदस्य सभापतीला हटवण्याचा प्रस्ताव मांडू शकेल. बहुमत मोजक्या जागांचे. चार-पाच जण रुसले की खुर्ची गेलीच. ३० सप्टेंबरला सरकारचे कामकाज बंद पडू नये म्हणून मॅकार्थींनी डेमोक्रॅट्सच्या मतांवर तात्पुरता खर्च मंजूर करून घेतला. त्यात युक्रेनसाठी काहीच नव्हते. तरीही ३ ऑक्टोबरला त्याच कडव्या गटातल्या मॅट गेट्झ यांनी प्रस्ताव मांडला आणि २१६ विरुद्ध २१० मतांनी सभापती गेले. स्वपक्षातले ८ जण विरोधात मत देऊन मोकळे झाले. पुढे २२ दिवस सभागृह बिनसभापतीचे.

आपल्याकडे १९८५ पासून पक्षांतरबंदी कायदा आहे. पक्षादेश मोडला तर सदस्यत्व जाते. त्यामुळे एकाच पक्षाचे १०१ इकडे आणि ११२ तिकडे हे चित्र आपल्याला कल्पनेतही नीट उभे करता येत नाही. अमेरिकेत सदस्याला मतदानाचे स्वातंत्र्य आहे, आणि ते मला मोलाचे वाटते. पण मतदानच होऊ दिले नाही तर त्या स्वातंत्र्याचा उपयोग शून्य.

२० ऑक्टोबर २०२३ रोजी तेव्हाचे डेमोक्रॅटिक राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी सुमारे १०६ अब्ज डॉलरची मागणी संसदेकडे पाठवली. त्यात युक्रेनसाठी ६१ अब्ज, इस्रायलसाठी १४ अब्ज, शिवाय तैवान आणि स्वतःची दक्षिण सीमा. एकाच मोटेत सगळे बांधले की प्रत्येकाला काहीतरी हवे असलेले सापडेल, हा हिशेब होता. २५ ऑक्टोबरला लुइझियानाचे माइक जॉन्सन सभापती झाले. युक्रेनच्या मदतीविरुद्ध त्यांनी आधी मे २०२२ मध्येही मत दिले होते आणि सप्टेंबर २०२३ मध्येही.

सीमेची गाठ

विरोधकांचे म्हणणे सगळे टाकाऊ नव्हते. डिसेंबर २०२३ मध्ये मेक्सिकोच्या सीमेवर बेकायदा येणाऱ्यांना अडवल्याच्या सुमारे अडीच लाख नोंदी झाल्या. एका महिन्यातला तो उच्चांक होता. टेक्सासमधल्या माणसाने 'दुसऱ्याच्या सीमेसाठी पैसा आहे, मग आमच्या सीमेचे काय?' असे विचारले, तर त्याला हाकलून देता येत नाही. 'युद्धाचे उद्दिष्ट सांगा, शेवट सांगा, मग पैसे मागा' ही मागणीही रास्त होती आणि बायडन प्रशासनाने तिचे धड उत्तर कधी दिले नाही. 'लागेल तेवढा काळ' हे वाक्य भाषणात चालते, पण त्यावर कुणी चेक फाडत नाही.

ओहायोचे तेव्हाचे रिपब्लिकन सिनेटर जे. डी. व्हान्स यांचा मुद्दा आणखी टोकदार होता. पैसा छापता येतो, तोफगोळे छापता येत नाहीत, असा त्याचा मथितार्थ. अमेरिकेचे उत्पादन युक्रेनच्या गरजेच्या जवळपासही पोचत नाही, तर पैसे मंजूर करून काय होणार?

याचे उत्तर पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटन शहरात मिळते. तिथे शहराच्या मधोमध, जुन्या रेल्वे कारखान्याच्या विटांच्या इमारतीत, लष्कराचा १५५ मिलिमीटर तोफगोळ्यांचा कारखाना आहे. पोलादी कांबीचे तुकडे भट्टीत लालबुंद तापवतात, दाबयंत्राखाली त्यांची नळी करतात, मग टोक निमुळते करून कातून घेतात. पुढे हे रिकामे गोळे आयोवात जातात आणि तिथे त्यांत स्फोटक भरले जाते. एक गोळा साधारण ४५ किलोचा. दोन माणसांनी उचलावा असा. युद्धाआधी अमेरिकेत असे महिन्याला सुमारे १४ हजार गोळे होत. २०२३ च्या अखेरीस ते २८ हजारांच्या घरात गेले आणि २०२५ अखेर एक लाखाचे लक्ष्य ठरले. ही वाढ आपोआप झालेली नाही. नवी यंत्रे, नवी पाळी, नवे कामगार हे सगळे पुढच्या काही वर्षांची मागणी लेखी हाती असेल तरच कारखानदार उभे करतो. पैसा अडवायचा आणि मग उत्पादन कमी आहे म्हणायचे, हे विहिरीचा दोर कापून घागर रिकामी असल्याची तक्रार करण्यासारखे झाले. व्हान्स यांचे गणित त्या दिवसापुरते बरोबर होते, त्यांनी काढलेला निष्कर्ष मला पटत नाही.

शिवाय त्या पैशाचा मोठा भाग अमेरिकेतच खर्च होणार होता. ६०.८ अब्जांपैकी सुमारे २३ अब्ज हे फक्त अमेरिकेची स्वतःची रिकामी झालेली कोठारे पुन्हा भरायला होते, आणि जवळपास १४ अब्ज नव्या शस्त्रखरेदीच्या कंत्राटांना. स्क्रँटनच्या, टेक्सासच्या, आर्कान्साच्या कामगारांच्या पगारात तो जाणार होता. हे मतदारांना नीट समजावून सांगण्यात मदतीच्या बाजूचे लोक कमी पडले.

६ डिसेंबरला सिनेटमध्ये हे विधेयक चर्चेलाही घेता आले नाही. ६० मते हवी होती, ४९ मिळाली. आधी सीमा बंद करा, मग युक्रेन, असे रिपब्लिकन सिनेटरांनी बजावले. मग ओक्लाहोमाचे जेम्स लँकफर्ड, कनेक्टिकटचे क्रिस मर्फी आणि ॲरिझोनाच्या कर्स्टन सिनेमा महिनोन्‌महिने बसले. लँकफर्ड कट्टर रूढीवादी. त्यांनी डेमोक्रॅट्सकडून सीमेबद्दल अशा अटी कबूल करून घेतल्या ज्या आधी कधी मिळाल्या नव्हत्या. आठवड्याची सरासरी दिवसाला ५ हजारांवर गेली की आश्रयाची दारे बंद, ही त्यातलीच एक. सीमा रक्षकांच्या संघटनेने पाठिंबा दिला. मसुदा ४ फेब्रुवारी २०२४ ला, रविवारी, बाहेर आला. तेव्हा पुन्हा राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीत असलेल्या ट्रम्प यांनी जाहीर विरोध केला. निवडणुकीच्या वर्षात सीमेचा प्रश्न सुटला तर प्रचाराला उरणार काय, हे उघड गुपित होते. बुधवारी, ७ फेब्रुवारीला, मसुदा ४९ विरुद्ध ५० मतांनी पडला. बाजूने रिपब्लिकन फक्त चार, त्यांत एक लँकफर्ड स्वतः.

ज्यांनी सीमेची अट घातली त्यांनीच सीमेचा तोडगा बुडवला. या प्रकरणात मला सर्वांत जास्त राग येतो तो याच तीन दिवसांचा. विरोध असणे वेगळे आणि मागितलेले मिळाल्यावर नाकारणे वेगळे. तिकडे खंदकात बसलेल्याला हा फरक कळत नाही, त्याला फक्त गोळा आला नाही एवढेच कळते.

१३ फेब्रुवारीला रात्रभराच्या चर्चेनंतर सिनेटने सीमेची कलमे वगळून ९५ अब्जांचे विधेयक ७० विरुद्ध २९ मतांनी मंजूर केले. रिपब्लिकन २२ जण बाजूने. चेंडू पुन्हा जॉन्सन यांच्या दारात.

रिकामे कोठार

या काळात अमेरिकेची मदत कशी आटली, ते समजून घ्यायला हवे. राष्ट्राध्यक्षांना अमेरिकी सैन्याच्या साठ्यातून थेट शस्त्रे देण्याचा अधिकार असतो. त्या अधिकाराचे सुमारे ४ अब्ज शिल्लक होतेच. पण दिलेल्याच्या जागी नवे घेण्याचा पैसा संपला होता. कणगीतून धान्य काढायची परवानगी आहे, पण कणगी पुन्हा भरायची सोय नाही. अशा वेळी घरची लक्ष्मी जे करील तेच पेंटागॉनने केले. अमेरिकेच्या या संरक्षण खात्याने हात आखडता घेतला. २७ डिसेंबरला २५ कोटी डॉलरचा शेवटचा हप्ता गेला. त्यानंतर मार्चच्या १२ तारखेला, जुन्या कंत्राटांत वाचलेल्या पैशातून ३० कोटींचा एक. बस.

आवदिव्का हे दोनेत्स्कला खेटून असलेले, युद्धाआधी ३० हजारांवर वस्तीचे, दगडी कोळशापासून कोक बनवणाऱ्या प्रचंड कारखान्याचे शहर. २०१४ पासून ते आघाडीवर होते आणि टिकून होते. १० ऑक्टोबर २०२३ ला रशियाने मोठा हल्ला सुरू केला. १७ फेब्रुवारी २०२४ ला युक्रेनी सैन्याने शहर सोडले. सिनेटचे मतदान होऊन चार दिवस झाले होते आणि प्रतिनिधिगृहाने विधेयक हातातही घेतले नव्हते.

आवदिव्का केवळ अमेरिकेमुळे गेली, असे लिहिणे सोपे आहे आणि खोटे आहे. रशियाचे पंख लावलेले जड बॉम्ब रोज पडत होते. युक्रेनकडे माणसे कमी होती, आणि त्याबाबतीत कीवचे राजकारण वॉशिंग्टनपेक्षा फार चपळ नव्हते : भरतीचे वय २७ वरून २५ वर आणायला झेलेन्स्कींना २ एप्रिल उजाडावा लागला, नवा भरती कायदा संसदेत ११ एप्रिलला मंजूर झाला. युरोपातही हंगेरीच्या ओर्बान यांनी डिसेंबरमध्ये ५० अब्ज युरो अडवले होते, ते १ फेब्रुवारीला सुटले. पण तोफेचे प्रमाण तोफेचेच असते. अमेरिकेचे युरोपातले सेनापती जनरल क्रिस्तोफर कव्होली यांनी एप्रिलमध्ये संसदेच्या समितीसमोर सांगितले की युक्रेनच्या एका गोळ्याला रशियाचे पाच पडत आहेत आणि मदत आली नाही तर काही आठवड्यांत ते दहा होतील.

११ एप्रिलला कीवच्या दक्षिणेचे त्रिपिल्या औष्णिक वीजकेंद्र नष्ट झाले. झेलेन्स्कींनी नंतर सांगितले : ११ क्षेपणास्त्रे आली, ७ पाडली, ४ लागली, कारण पाडायला क्षेपणास्त्रेच उरली नव्हती. वॉशिंग्टनमधल्या दिरंगाईचा एवढा स्वच्छ हिशेब क्वचितच मांडता येतो.

जॉन्सन यांनी कडी काढली

जॉन्सन यांचे मत का बदलले? सभापती झाल्यावर त्यांना गुप्तचर यंत्रणांची माहिती मिळू लागली, जी साध्या सदस्याला मिळत नव्हती. त्या माहितीवर आपला विश्वास बसला, असे त्यांनी स्वतः सांगितले. त्यांचा मुलगा त्या वर्षी नौदल अकादमीत जाणार होता, आणि अमेरिकी पोरे पाठवण्यापेक्षा युक्रेनला गोळ्या पाठवणे बरे, असे ते म्हणाले. दुसरीकडे दबावही होता. २१८ सदस्यांच्या सह्या जमल्या तर सभापतीला डावलून विधेयक पटलावर आणता येते आणि ती खटपट सुरू झाली होती, जरी सह्या पुऱ्या झाल्या नाहीत. आणि १२ एप्रिलला ट्रम्प यांच्या मार-अ-लागो या फ्लोरिडातल्या निवासस्थानी जाऊन जॉन्सन यांनी त्यांच्यासोबत उभे राहून पाठ राखून घेतली. आर्थिक मदतीचा भाग माफ करता येण्याजोग्या कर्जाच्या रूपात घातला, ही कल्पना ट्रम्प यांचीच होती. त्यामुळे ट्रम्प यांनी या वेळी विधेयक बुडवले नाही. मला वाटते, या सगळ्यांत ही शेवटची गोष्ट सर्वांत जड होती, पण जॉन्सन यांचे धैर्य त्यामुळे खोटे ठरत नाही. त्यांच्याच पक्षाच्या मार्जोरी टेलर ग्रीन यांनी त्यांना हटवण्याचा प्रस्ताव २२ मार्चलाच दाखल करून ठेवला होता. खुर्ची जाऊ शकते हे मॅकार्थींच्या उदाहरणाने ताजे होते.

युक्ती साधी होती. मोट सोडायची आणि प्रत्येक काडी वेगळी मोडायची. युक्रेन, इस्रायल, तैवान अशी वेगवेगळी विधेयके, वेगवेगळी मतदाने, आणि शेवटी सगळी जोडून सिनेटकडे. ज्याला इस्रायल हवे पण युक्रेन नको, त्याला तसे मत देता येईल. मतभेद मिटवायचा नाही, त्याला बसायला जागा द्यायची.

त्याआधी नियम समितीची पायरी होती. आपल्या कामकाज सल्लागार समितीसारखी, पण दातवाली. तिथले तीन रिपब्लिकन सदस्य अडून बसले, तेव्हा डेमोक्रॅटिक पक्षाच्या चारही सदस्यांनी सभापतीच्या बाजूने मत दिले. १९ एप्रिलला चर्चेच्या नियमांवर सभागृहात मतदान झाले, ३१६ विरुद्ध ९४. त्या ३१६ मध्ये डेमोक्रॅट १६५ आणि रिपब्लिकन १५१. बहुमतवाल्या पक्षाच्या कामकाजाला दुसऱ्या पक्षाने जास्त मते पुरवावीत, हे तिथे अगदी दुर्मीळ.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, आपल्याकडे रात्र झालेली असताना मते पडली. तैवान ३८५ विरुद्ध ३४. इस्रायल ३६६ विरुद्ध ५८. युक्रेन ३११ विरुद्ध ११२. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार डेट्रॉइटमधून ज्या पक्षातर्फे त्या सभागृहात होते, त्या डेमोक्रॅटिक पक्षाचे एकही मत युक्रेनविरुद्ध गेले नाही. आकडा पुकारला जाताच सदस्यांनी निळे-पिवळे छोटे ध्वज हलवले, घोषणा दिल्या. पीठासनावरून ते खाली ठेवायला सांगण्यात आले आणि फ्लोरिडाच्या ॲना पॉलिना लूना माइकवरून चिडून तेच म्हणाल्या. त्यांचे चिडणे मला समजते : आपल्या संसदेत दुसऱ्या देशाचा ध्वज. पण अर्धे वर्ष अडकलेला श्वास सुटताना माणसे असेच काहीतरी करतात.

२३ एप्रिलला सिनेट, ७९ विरुद्ध १८. २४ ला बायडन यांची सही आणि त्याच दिवशी एक अब्जाची शस्त्रे रवाना करण्याचा आदेश.

८ मे रोजी ग्रीन यांनी सभापतींना हटवण्याचा प्रस्ताव पुकारला. तो ३५९ विरुद्ध ४३ मतांनी बाजूला ठेवला गेला. ३५९ मध्ये डेमोक्रॅट १६३ होते. मॅकार्थींना त्या पक्षातल्या एकानेही हात दिला नव्हता.

दोनच दिवसांनी, १० मे रोजी, रशियन सैन्य खार्किव प्रांताच्या उत्तर सीमेवरून आत शिरले. अमेरिकेतून निघालेले गोळे तोफांपर्यंत पोचायला लागले होते, आणि ते आक्रमण व्होवचान्स्कच्या गल्ल्यांत अडले. सीमेपासून पाच-सहा किलोमीटरवर. आवदिव्का परत मिळाली नाही.